भिंतीपलीकडे पोहोचलेली हाक

मित्रांनो, माझा रंग बघून हसू नका. आज मी असा पिवळट दिसतो, पण एके काळी दुधासारखा पांढरा होतो. मी एक जुना अलार्म आहे. घरात धूर झाला किंवा विषारी वायू साचला, तर ओरडून सांगणे हे माझे काम. एका घराच्या छताला पाठ टेकून मी वर्षानुवर्षे पहारा दिला. तुमच्या इमारतीचा पहारेकरी खुर्चीत बसून डुलकी काढत असेल. मी उलटा लटकलेलो असूनही कधी डोळा मिटला नाही. ही बढाई वाटेल, पण खरे तेच सांगतो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन नाके बसवली गेली. एक नाक धुराचे. त्यासाठी माझ्या आत एक काळोखी डबी आहे आणि तिच्यात प्रकाशाचा बारीक किरण आहे. धूर शिरला की किरण विस्कटतो आणि मला कळते. दुसरे नाक कार्बन मोनॉक्साइड नावाच्या वायूचे. हा वायू मोठा लबाड. गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल, काहीही पुरेशा हवेशिवाय जळू लागले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, घशात खवखवत नाही. गुपचूप पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यांनाच झोपवतो.

दोन शत्रूंसाठी मला दोन आरोळ्या शिकवल्या होत्या. धूर असेल तर तीनदा ओरडायचे, थांबायचे, पुन्हा तीनदा. वायू असेल तर चारदा ओरडायचे, थांबायचे, पुन्हा चारदा.

तपासणीच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई बसत. आम्हाला एकेक करून काचेच्या पेटीत ठेवायचे आणि आत धुराचा झुरका, मग वायूची मोजकी चिमूट सोडायची, हे त्यांचे काम. माझ्या आधीचा बिचारा गप्पच राहिला. त्यांनी त्याला लाल टोपलीत टाकले. मग माझी पाळी आली. मी असा ओरडलो, की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

"खणखणीत आहे हा!" त्या म्हणाल्या. "जा रे बाबा, नोकरीला लाग."

माझी नोकरी लागली ती एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. घरात माणसे चार. आजोबा, बस चालवणारा त्यांचा मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात बिट्टी. सूनबाई एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायच्या. मला घरी आणले ते त्यांनीच.

"हे काय आता नवीन?" आजोबांनी विचारले.

"अलार्म आहे, बाबा!" सूनबाई मोठ्याने म्हणाल्या. मोठ्याने अशासाठी, की आजोबांना कमी ऐकू यायचे. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात काढली होती, आणि तिथल्या यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान नेले होते. कानाचे यंत्र होते, पण ते बहुतेक वेळ खणातच असायचे. "घरात विषारी वायू झाला तर हा ओरडतो."

"त्याला यंत्र कशाला? माझं नाक शाबूत आहे की!"

"याला वासच नसतो, बाबा. परवा आमच्याकडे तिघांचं रक्त तपासायला आलं. एकाच घरातले तिघं. डोकं दुखतंय म्हणून झोपले होते म्हणे." पुढचे वाक्य त्यांनी बिट्टीकडे बघून गिळले. "तुम्ही काही म्हणा, हा आपल्याकडे राहणार."

मुलाने मला त्याच दिवशी बसवले. हातात ड्रिल आले की माणसाला भोक पाडायची घाई होते. त्याने जागेचा फार विचार केला नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, बरोबर चौकटीच्या वर मला ठोकले. तिथेच माझी बदनामी सुरू झाली.

फोडणी पडली की मी ओरडायचो. पाव जरासा करपला की ओरडायचो. त्यात माझी काय चूक? धूर आला की बोलायचे, एवढेच मला शिकवलेले. कुणीतरी खुर्चीवर चढून माझ्यासमोर टॉवेल झटकायचे, कुणी खिडकी उघडायला धावायचे. बिट्टीने माझे नावही ठेवले, भोंगेराव. "आई, भोंगेरावांना आजचीही भाजी आवडली नाही वाटतं," असे ती म्हणाली, की सगळे हसायचे. मीही ते फारसे मनावर घेत नसे. नाव ठेवले म्हणजे आपल्यातला मानले, अशी मी समजूत करून घेतली होती.

हसत नव्हते ते फक्त शेजारी. आमच्या भिंतीपलीकडे एक बाई राहायच्या. त्या घरीच व्हायोलिनचे वर्ग घेत. जिन्यात सगळे त्यांना व्हायोलिनबाईच म्हणत. त्यांचे कान इतके तिखट, की खालच्या मजल्यावर कुणी बेसूर गुणगुणले तरी त्यांच्या कपाळावर आठी पडायची. अशा बाईंच्या वर्गात माझा आवाज दिवसातून दोनदा घुसायचा.

पुढे माझे सेल उतरले. सेल उतरत आले, की मला मिनिटाला एकदा 'चिक्' असा आवाज करावा लागतो. सेल बदला, एवढेच त्यातून सांगायचे असते. सूनबाई त्या आठवड्यात बिट्टीला घेऊन आपल्या माहेरी गेल्या होत्या आणि मुलगा लांबच्या फेऱ्यांवर होता. दोन दिवस मी चिकचिक करत राहिलो. तिसऱ्या दिवशी व्हायोलिनबाई दारात उभ्या.

"आजोबा, तुमच्या घरातला तो किडा मिनिटाला एकदा ओरडतोय."

"काय म्हणता?"

"किडा! छतावरचा! माझ्या विद्यार्थिनी आता त्याच्या तालावर वाजवायला लागल्यात!"

"मला तर काहीच ऐकू येत नाही," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही सुखी आहात!" असे म्हणून त्या तरातरा निघून गेल्या.

आजोबांना बोलणे लागले. ते स्टुलावर चढले, त्यांनी माझे झाकण उघडले आणि सेल काढून टाकले. नवे आणायचे त्यांच्या मनात असेलही, पण ते राहून गेले. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. सूनबाई परत आल्या तेव्हा त्यांना वाटले, आता फोडणीलाही हा ओरडत नाही म्हणजे अखेर नीट चालायला लागला.

मित्रांनो, ते तीन महिने मी विसरू शकत नाही. छापखाना सुटल्यावर आजोबा घरी पुस्तके बांधायचे. फाटकी पुस्तके शिवायची, पाठीला कापड लावायचे, नवे पुठ्ठे चढवायचे, यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यासाठी ते गॅसवर खळ शिजवायचे. एका दुपारी खळीचे भांडे गॅसवर ठेवून ते कामात गढून गेले. खळ आटली, करपली, धुराचा लोट माझ्या तोंडावर आला. मी त्याच्यात बुडून गेलो आणि माझ्या घशातून शब्द फुटेना. दिवाळखोर सावकारासारखा मी नुसता नावाला तिथे होतो.

सुदैवाने सूनबाई त्याच वेळी कामावरून आल्या. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले. एवढ्या धुरात हा गप्प कसा? स्टुलावर चढून त्यांनी झाकण उघडले. आत मोकळी जागा.

त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मोकळे झाकण आजोबांपुढे धरले, एवढेच. आजोबांनी मान खाली घातली.

"ती बाई फार बोलली गं मला," ते हळूच म्हणाले.

"बाबा, तिला मी बघते. पण याला पुन्हा मुका करू नका."

त्यांनी माझ्याबरोबर आलेला माहितीचा कागद शोधून पहिल्यांदाच नीट वाचला. मग मला स्वयंपाकघरापासून काढून, झोपायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात बसवले. फोडणीचा धूर तिथवर पोहोचत नसे. नवे सेल घातले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या झाडूच्या दांड्याने माझे बटण दाबू लागल्या. बटण दाबले, की मी आधी तीनदा आणि मग चारदा ओरडून हजेरी द्यायचो.

व्हायोलिनबाईंकडेही त्या स्वतः गेल्या आणि झाल्या त्रासाबद्दल माफी मागितली. बाई जरा निवळल्या. "ते तीन मला पाठ झालेत हो," त्या म्हणाल्या. "पण पहिल्या तारखेला पाठोपाठ चार कसले वाजतात?"

"तीन म्हणजे धूर. चार म्हणजे विषारी वायू. आमच्याकडे नुसते चार ऐकू आले, तर समजा काहीतरी फार वाईट घडतंय."

"मग न वाजोत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. आजोबांशी मात्र त्यांचा अबोला कायम राहिला.

एक वर्ष गेले. त्या वर्षी थंडी अशी पडली, की नळाखाली हात धरवेना. आजोबांच्या खोलीत गॅसवर चालणारा हीटर होता. त्याचा जळका वायू एका नळीतून भिंतीबाहेर जायचा. उन्हाळाभर तो हीटर बंद होता. त्या काळात एका पाखराने बाहेरच्या नळीच्या तोंडात काड्या, पिसे आणि चिंध्या कोंबून घरटे बांधले होते. पिल्ले उडून गेली, घरटे राहिले. आमच्यापैकी कुणालाच याचा पत्ता नव्हता.

त्यातच आजोबांनी एक काम केले. खिडकीच्या फटींतून गार वारा यायचा, म्हणून त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि खळ लावून सगळ्या फटी बुजवल्या. साधा माणूस असता तर कुठेतरी एखादी फट राहिली असती. पण हा बाइंडरचा हात! मुंगीला शिरायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा बस घेऊन गेला, सूनबाई प्रयोगशाळेत गेल्या. थंडीमुळे बिट्टीच्या शाळेला सुट्टी होती. आजोबांनी त्या मोसमात पहिल्यांदाच हीटर लावला आणि एका ग्रंथालयाची पुस्तके बांधायला बसले. बिट्टी शेजारी बसून उरलेल्या पुठ्ठ्यांचे घर करत होती.

दहाच्या सुमाराला माझ्या दुसऱ्या नाकाला काहीतरी जाणवले. अगदी थोडे. थोडा वायू असेल तर लगेच ओरडायचे नाही, वाट बघायची आणि मोजत राहायचे, असा माझा नियम आहे. मी मोजत राहिलो. आकडा चढत राहिला.

"आजोबा, माझं डोकं दुखतंय," बिट्टी म्हणाली. ती त्यांच्या कानाशी जाऊन बोलायची, म्हणून त्यांना ऐकू गेले.

"थंडीनं दुखत असेल. ये, इथं पांघरूण घेऊन पड." त्यांनी तिला हीटरजवळ निजवले, दार ओढून घेतले आणि हीटर आणखी मोठा केला. माया करायला गेले आणि तिला धोक्याच्या तोंडाशी नेऊन ठेवले. त्यांचेही डोके जड झाले होते. वयामुळे असेल, असे म्हणून ते सुई ओवायला लागले. दोरा काही केल्या सुईत जाईना.

दाराखालच्या फटीतून वायू बोळात येत होता. माझा आकडा भरला. मी ओरडलो. चारदा. थांबलो. पुन्हा चारदा.

आजोबांनी मान वर केली नाही. माझा आवाज बारीक आणि टोकदार, आणि त्यांचे कान नेमके असल्याच आवाजाला पहिल्यांदा मिटले होते. बिट्टीने मात्र ऐकले. तिने पांघरुणातूनच आजोबांचा सदरा ओढला आणि ते वाकल्यावर त्यांच्या कानाशी म्हणाली, "आजोबा, भोंगेराव ओरडतायत."

आजोबा दार उघडून बोळात आले. वर बघितले. माझा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी दोनदा जोराने नाकाने श्वास घेतला. धूर नाही. वास नाही. स्वयंपाकघरात डोकावले. गॅस बंद.

"काही जळत नाही रे बाबा. उगाच कशाला बोंबलतोस?" असे म्हणून त्यांनी काठीने माझे बटण दाबले.

मी ओरडत असताना बटण दाबले, की मला थोडा वेळ गप्प बसावे लागते. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब मिनिटे. आजोबा आत जाऊन खुर्चीत बसले. बिट्टी आता बोलत नव्हती. पण मला बनवणारे शहाणे होते. वायू जास्त असेल, तर बटणाने दिलेली शांतता फार वेळ टिकत नाही. पाच मिनिटे पुरी होताच मी पुन्हा तोंड उघडले, आणि या वेळी सगळा जीव ओतून ओरडलो. घरातली माणसे ऐकत नसतील, तर भिंतीपलीकडची ऐकतील, एवढीच आशा होती.

त्या वेळी भिंतीपलीकडे काय झाले, हे मला नंतरच्या बोलण्यातून कळले. व्हायोलिनबाई एका मोठ्या विद्यार्थिनीला शिकवत होत्या. त्यांनी एकदम हात वर करून तिला थांबवले.

"काय झालं बाई? चुकलं का माझं?"

"थांब. मोजू दे." त्यांनी बोटांवर मोजले. "चार. पुन्हा चार. आज तारीख किती?"

"सतरा."

बाई उठल्याच. त्यांनी आमची घंटा वाजवली. दार धडाधडा ठोकले. घंटा कुणाला ऐकू येणार? बिट्टी गुंगीत होती. बाईंनी विद्यार्थिनीला अग्निशमन दलाला फोन करायला सांगितले, आणि मग त्यांना सुचले. आजोबांचे कामाचे टेबल दोन्ही घरांमधल्या भिंतीला टेकून होते. त्या आपल्या घरात धावल्या, लोखंडी खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि त्याच भिंतीवर दणादण हाणू लागल्या.

कानांनी दगा दिलेल्या माणसाचे हात फार जागे असतात. आजोबांचे हात टेबलावर होते. टेबल हादरले, खळीच्या बरणीतला ब्रश थरथरला, कात्री सरकून खाली पडली. आजोबांनी जड पापण्या उघडल्या. त्यांना वाटले, ही बाई पुन्हा भांडण उकरून काढतेय! रागाने ते उठले. पाय लटपटत होते, बोळ गरगर फिरत होता, पण राग दांडगा. भिंत धरत धरत ते दारापर्यंत आले आणि कडी काढली.

"भिंत पाडता की काय आमची? आधी ऐकून घ्या..."

"नंतर भांडू!" बाई किंचाळल्या. "मूल कुठंय?"

त्यांनी आजोबांना दंडाला धरून बाहेर ओढले आणि जिन्याच्या पायरीवर बसवले. मग छातीत श्वास भरून घेतला, पदर खोचला आणि आत शिरल्या. माझ्या खालून त्या धावत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर पांघरुणासकट बिट्टी होती. तिचा हात लोंबत होता. मी ओरडतच होतो. त्या क्षणी मला दुसरे काही करता येत नव्हते.

बाईंनी तिला थेट खाली, अंगणातल्या मोकळ्या हवेत नेले. गार वारा तोंडावर लागला, तशी ती खोकली आणि रडू लागली. "रड, बाळ, खूप रड," बाई म्हणत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

अग्निशमन दलाचे लोक आले. त्यांनी तोंडाला मुखवटे लावले, हीटर बंद केला, खिडकीवरच्या पट्ट्या टराटरा फाडल्या. त्यांच्या अधिकाऱ्याने बाहेरच्या नळीतून मूठभर घरटे ओढून काढले. मग त्याने हातातल्या यंत्रावरचा आकडा पाहिला.

"अजून अर्धा तास गेला असता तर..." एवढेच तो म्हणाला. नंतर त्याने स्टुलावर चढून माझ्या पोटावर बोटाने टकटक केले. "शाबास रे."

आजोबा आणि नात दवाखान्यात दोन दिवस होते. नाकाला प्राणवायू लावला होता. त्यांच्या रक्ताच्या कुप्या तपासायला आल्या त्या सूनबाईंच्याच टेबलावर. वरची नावे त्यांनी वाचली. तरी त्यांनी तपासणी दुसऱ्या कुणाला दिली नाही. स्वतः केली, रक्तातल्या वायूचा आकडा उतरताना पाहिला, आणि मगच त्या खाली बसल्या.

घरी आल्यावर आजोबा काठी टेकत शेजारच्या दारात गेले. कानाचे यंत्र लावून गेले, हे विशेष.

"बाई, मी तुमच्याशी भांडायला उठलो म्हणून वाचलो," ते म्हणाले.

"मग रोज भांडत चला," बाई म्हणाल्या. दोघेही हसले. पण आजोबांचे हसू अर्ध्यावर मोडले. "पोरीला मीच हीटरजवळ निजवलं हो," एवढेच ते बोलू शकले. बाईंनी त्यांना आत बोलावून चहा दिला. पुढच्या महिन्यात बाईंच्या स्वरलिपीच्या सगळ्या जीर्ण वह्यांना नवे पुठ्ठे चढले.

आजोबांच्या खोलीत माझा एक धाकटा भाऊ आला. तो ओरडतो, दिव्याने लखलखतो आणि उशीखालची तबकडी थरथरवतो, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळते. थंडीच्या आधी गॅसचा मिस्त्री येऊन हीटर आणि नळी तपासू लागला. नळीच्या तोंडाला त्याने जाळी बसवली. व्हायोलिनबाईंच्याही छतावर माझ्यासारखा एक जण बसला. तो करपलेल्या पावाला ओरडतो तेव्हा त्या काही बोलत नाहीत म्हणे.

मग शांत वर्षे गेली. पहारेकऱ्याचे वैभव म्हणजे काहीही न घडणे. बिट्टी उंच झाली. स्टुलावर चढली, की झाडूच्या दांड्याशिवाय तिचा हात माझ्या बटणापर्यंत पोहोचू लागला. आणि एके दिवशी सूनबाईंनी मला खाली उतरवले, मऊ फडक्याने पुसले आणि माझी पाठ वाचली. तिथे छापलेली मुदत संपली होती.

माझ्या जागी नवा बसवून त्यांनी मला अग्निशमन केंद्राला दिले, आणि आता मी तिथेच असतो. तुमच्यासारखी शाळेतली मुले आली, की तोच अधिकारी मला टेबलावर ठेवतो आणि बटण दाबतो. मी खणखणीत ओरडतो. मुले कानांवर हात ठेवून हसतात.

"हा कुणाला घरी न्यायचाय?" तो विचारतो.

सगळे हात वर जातात.

"कुणीही नेऊ नका," तो म्हणतो. "बटण दाबल्यावर कळतं ते एवढंच, की याचा घसा चांगला आहे. याचं नाक केव्हाच म्हातारं झालंय. याच्यासमोर वायू आला, तरी हा गप्प राहील."

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वाटत नाही. खरा पहारेकरी तोच, जो आपली नजर गेल्याचे स्वतःहून सांगतो. म्हणून मीच सांगतो, मित्रांनो. आज घरी गेलात, की मान वर करून छताकडे बघा. तिथे आमच्यापैकी कुणी असेल, तर मोठ्यांना सांगून त्याला खाली उतरवा, त्याचे सेल बघा, त्याच्या पाठीवरची मुदत वाचा. आणि तिथे कुणीच नसेल, तर हट्ट करा. खेळण्यासाठी करता तसाच, पाय आपटून करा.

माझी आठवण ठेवली नाही तरी चालेल. माझ्या भरवशावर मात्र एक दिवसही झोपू नका.